मास्तरांच्या टेपचा पहिला इंच

माझी कंबर एक्केचाळीस इंच आहे हे तीन माणसांना माहीत होतं. मला, बायकोला आणि डॉक्टरला. तिघांतच राहिलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण माझा मेहुणा शिंपी आहे, आणि त्याची माप घ्यायची एक पद्धत आहे.

गिऱ्हाइकाला दुकानाच्या पुढच्या भागात उभं करायचं, टेप लावायची आणि आकडा ओरडायचा. आत टेबलाशी त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वही घेऊन बसलेल्या, त्या लिहून घेणार. दुकानासमोरच बस डेपो. गाड्यांची घरघर सारखी चालू. त्या आवाजात वहिनींना ऐकू जावं म्हणून मास्तर असे ओरडतात की डेपोच्या शेवटच्या फलाटावरच्या माणसालाही कळावं, आज कोणाची छाती किती भरली. मेहुणा असला तरी मीही त्यांना मास्तरच म्हणतो. सगळी गल्ली म्हणते.

माझी बेकरी त्यांच्यापासून तिसरं दुकान. एक दिवस नवीन पँट शिवायला गेलो. बरोबर ड्यूटी बदलायची वेळ, डेपोची माणसं बाहेर चहा पीत उभी.

"कंबर एक्केचाळीस!" मास्तर गरजले. एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले. "कापड जरा जास्त लागेल गं!"

कंडक्टर लोकांत एक आगाऊ माणूस आहे. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा सारखा हातात वाजवत असतो, म्हणून आम्ही त्याला चिमटाच म्हणतो. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "काका, ही एक्केचाळीस नंबर कुठे जाते?"

झालं. त्या दिवसापासून मी काका राहिलो नाही. "एक्केचाळीस नंबर आली का?" "एक्केचाळीस फुल्ल आहे, मागच्या गाडीने या." पाव घ्यायला आलेलं शाळकरी पोरगंसुद्धा माझ्या पोटाकडे बघून हात दाखवून थांबवायला लागलं.

आणि मास्तर स्वतःच्या पोटावर थाप मारून वर ऐकवणार, "लग्नात बत्तीस होती, आजही बत्तीस. तीस वर्षं! भाऊजी, बन विकायचे असतात, खायचे नसतात."

आता मी आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढत आलेला माणूस. हे असं गिळून बसलो असतो तर मला रात्री झोप लागली नसती.

मास्तर दुपारी दोन ते तीन दुकानातल्या बाकावर झोपतात. वहिनी तेवढ्या वेळात घरी जाऊन येतात. टेप गळ्यातच असते. मी बेकरीतली कात्री आणि एक पक्कड घेऊन गेलो. मास्तरांच्या कात्रीला हात लावायचा नाही एवढी अक्कल मला आहे. त्या कात्रीने कोणी कागद जरी कापला तर ते दोन दिवस जेवत नाहीत.

टेपचं टोक त्यांच्या छातीवर श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. मी टोकाची पितळी पट्टी पकडीने सैल करून काढली. बरोबर एक इंच कापला आणि पट्टी नव्या टोकावर दाबून बसवली. बेमालूम! तीस वर्षं एकाच अंगठ्याखाली घासून त्या टेपचे पहिले चार आकडे कधीच पुसले गेले होते. टोक एकपासून सुरू होतंय हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. कापलेला इंच मी खिशात टाकला. पराक्रमाची खूण म्हणून.

बेत अगदी साधा होता. मास्तर उठले की त्यांना डिवचायचं, चारचौघांत त्यांची स्वतःची कंबर मोजायला लावायची. बत्तीसची तेहतीस भरली की मी ओरडणार. मग खिशातला इंच काढून दाखवायचा, हसायचं, चहा सांगायचा. दहा मिनिटांचं काम.

तीन वाजले. मास्तर उठले. आणि मी तोंड उघडायच्या आत समोरच्या डेपोतून अठ्ठावीस माणसं रांगेने आली. वर्षाचे नवीन युनिफॉर्म! मास्तरांनी डोळे चोळले, वहिनी आत वही घेऊन बसल्या, आणि पहिलाच नंबर चिमट्याचा.

"मास्तर, एक मिनिट," असं म्हणायला मी पुढे झालो होतो. खरंच झालो होतो.

"कंबर पस्तीस!"

चिमट्याचा चेहरा असा पडला की काय सांगू. आतून वहिनी म्हणाल्या, "अहो, मागच्या वर्षी चौतीस लिहिलीय."

"मग वाढलाय! पस्तीस लिही!"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोणी बोलतं का? तुम्ही बोलला असतात? मग तुम्ही माझ्यापेक्षा चांगले आहात. मी फक्त म्हणालो, "काय रे, ही पस्तीस नंबर कुठे जाते?"

मग मी तिथून हललोच नाही. सगळ्यात जुने ड्रायव्हर तात्या, त्यांची अडतीसची एकोणचाळीस झाली. कोणाची चाळीस, कोणाची सदतीस. प्रत्येक आकड्याला रांगेतून हुर्यो, आणि पुढचा माणूस पोट आत ओढून उभा. शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो, सगळेच एक-एक इंच वाढलेत."

"वाढणारच. शेजारी बेकरी आहे ना!" मास्तर म्हणाले. सगळ्यात जास्त मी हसलो.

म्हटलं, उद्या सांगू.

उद्या सकाळी डेपोच्या कँटीनला माझा साठ बनांचा ट्रे गेला तो छप्पन्न बन घेऊन परत आला. परवा अठ्ठावन्न आले. तेरवा डेपोचे साहेब स्वतः आले, पण बेकरीत नाही, मास्तरांकडे. साहेब म्हणजे कागदावर प्रेम करणारा माणूस. त्यांनी वहिनींच्या वहीवरून कंबरेचे मागच्या वर्षीचे आणि या वर्षीचे आकडे शेजारी-शेजारी उतरवून घेतले, प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून तपासले आणि म्हणाले, "अठ्ठावीस माणसं. प्रत्येकी बरोबर एक इंच. हे नैसर्गिक नाही." मग मान वळवून माझ्या पाटीकडे बघितलं.

संध्याकाळी डेपोच्या फाटकावर सूचना लागली. बेकरीचे पदार्थ आवारात आणण्यास सक्त मनाई. आणि रोज सकाळी पहिल्या गाडीआधी सर्वांनी अर्धा तास कवायत.

दुसऱ्या दिवसापासून अठ्ठावीस माणसं डेपोला गोल-गोल धावायला लागली, मध्ये साहेब शिट्टी घेऊन. पहिली गाडी दहा मिनिटं उशिरा सुटायला लागली, कारण तात्यांना स्टिअरिंगवर बसून आधी श्वास सापडायला हवा. गाडी उशिरा म्हणून लोक कंटाळून चालत जायला लागले. आणि चालत जायची जवळची वाट मागच्या गल्लीतून आहे, माझ्या दुकानावरून नाही. म्हणजे कँटीनचे बन गेले आणि सकाळचं गिऱ्हाईकही गेलं. एका इंचाने किती लांब जावं याला काही मर्यादा?

घरी आम्ही सकाळ-संध्याकाळ उरलेले बन खात होतो.

"अहो, हे एवढे उरतात कसे?" बायको विचारायची.

"लोकांना तब्येतीचं खूळ लागलंय."

"आणि तुम्हाला?"

माझी नवीन पँट आता बसताना कुरकुरायला लागली होती.

का नाही सांगितलं, म्हणाल. अहो, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर गंमत होती. आठव्या दिवशी सांगितलं असतं तर गुन्हा होता. मध्ये एखादा बरोबर दिवस असणार, तो माझ्याकडून निसटला.

महिन्याने युनिफॉर्म शिवून तयार झाले. मास्तर स्वतः गठ्ठे घेऊन डेपोत गेले, मी ओझं उचलायला बरोबर. लोकांनी पँटी चढवल्या आणि एकच आरडाओरडा झाला.

"ढिली होतेय! साहेब, ढिली होतेय!"

होणारच की. मास्तर माप घेतात टेपने, पण कापड बेततात आतल्या टेबलावर, लाकडी पट्टीने. माप एका इंचाने खोटं, पट्टी खरी. त्यामुळे कपडा सगळीकडून एक इंच मोठा. पण हे माहीत असलेला त्या आवारात मी एकटा. बाकीचे एकमेकांच्या कंबरेत बोटं घालून नाचत होते. साहेबांनी तिथेच खुर्ची मागवली आणि वरच्या ऑफिसला अहवाल लिहायला घेतला. एका महिन्याच्या कवायतीने अठ्ठावीस कर्मचाऱ्यांची कंबर प्रत्येकी एक इंच कमी.

मग लोकांनी शर्ट घातले.

तात्यांच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. ते दोन्ही हात वर करून बघत राहिले. "अरे, हातपण बारीक झाले की काय?"

"बारीक नाही तात्या, आखूड झालेत," चिमटा म्हणाला. त्याची पँट बुटांवर जमा झाली होती. "साहेब, आता कवायत थांबवा. आणखी महिनाभर धावलो तर तात्यांचा पाय ब्रेकपर्यंत पोचायचा नाही."

सगळे खो-खो हसले. मीही हसत होतो, आणि हसता-हसता माझी नजर मास्तरांकडे गेली.

मास्तर हसत नव्हते. तात्यांच्या खांद्याची शिवण दंडावर उतरली होती, तिच्यावर त्यांचं बोट होतं. मग त्यांनी चिमट्याची कॉलर बघितली. मग पुढच्याची. एक-एक करून अठ्ठावीस माणसांपाशी गेले. सगळे कपडे उतरवून घेतले, घड्या घातल्या आणि गठ्ठे परत दुकानात आणले.

तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून गेलेला कपडा परत आला नव्हता.

म्हटलं, आता गुपचूप निस्तरून टाकू. नवीन टेप आणली. पण नवी टेप नवीच दिसणार ना? मग ती चहाच्या पाण्यात बुडवली, पिठात घोळवली, भट्टीच्या कडेला वाळवली, आणि पहिले चार आकडे नखाने खरवडून काढले. झकास जुनी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर झोपले असताना गळ्यातली काढून ही घातली. वाटलं, सुटलो.

सुटलो कसला! मी होतं ते भोक फाडून मोठं केलं.

उठल्यावर मास्तरांनी तात्यांना बोलावलं आणि बाही पुन्हा मोजली. आकडा बघितला. चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितला. यावेळी ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "तेवीस. महिन्यापूर्वी मी चोवीस वाचली होती."

"असू दे हो मास्तर, एखादं माप..." तात्या म्हणाले.

"एखादं? अठ्ठावीस माणसं, तात्या. एकेकाची आठ-आठ मापं. एक धड नाही." त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "टेप तीच. पट्टी तीच. मग बदललं काय? डोळे."

संध्याकाळी बायको भावाकडून आली ती डोळे पुसतच. मास्तर म्हणे एवढे अठ्ठावीस दुरुस्त करून देणार आणि मशीनवर कापड टाकणार. दुकान बंद. ज्याला माप कळत नाही त्याने कात्री हातात धरू नये, असं बोलले.

"दादाला दुसरं काही येत नाही हो," ती म्हणाली. "गळ्यात टेप नसली की त्याला मान कुठे ठेवावी कळत नाही. आज तसाच बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, काय ऐकायचंय ते मला माहीत आहे."

मी उठलो. कपाटातली बटणांची डबी उघडली आणि तो इंच काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"हे काय?"

"तुझ्या दादाचे डोळे."

ती बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिचा आरडाओरडा पुष्कळ ऐकलाय, त्याची भीती वाटत नाही. ती ओरडलीच नाही.

"उठा."

"जेवून जाऊया?"

"उठा म्हणते ना."

मास्तर दुकानात एका बाहीची शिवण उसवत बसले होते. मी टेबलावर जुनी टेप ठेवली, तिच्या टोकाशी तो इंच लावला, आणि सगळं सांगितलं. झोप, पक्कड, चहाचं पाणी, पीठ, सगळं. सांगताना एकदाही हसू आलं नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

मास्तरांनी जोडावरून अंगठा फिरवला. लाकडी पट्टी घेतली आणि त्या तुकड्यावर ठेवली. बरोबर एक इंच.

"कात्री कोणती लावलीत?"

"बेकरीतली. केकच्या डब्याची दोरी कापतो ती."

"माझी नाही ना लावली?"

"नाही हो. शपथ."

"मग ठीक आहे." त्यांनी चष्मा काढला. खांदे हलायला लागले. रडतायत की हसतायत तेच कळेना, पाणी तर दोन्ही डोळ्यांतून वाहत होतं. "अगं," ते वहिनींना म्हणाले, "मी वाचत होतो ते बरोबर वाचत होतो!"

वहिनींनी वही मिटली आणि ती फाडकन माझ्या पाठीत घातली. दुसरा फटका मारायला बायकोने त्यांच्याकडून वही मागून घेतली.

"भाऊजी," मास्तर नाक पुसत म्हणाले, "मला कळलं, पण तेवढ्याने भागत नाही. अठ्ठावीस माणसांना वाटतंय की मास्तर संपला. उद्या सकाळी कवायतीला या."

गेलो. न जाऊन सांगतो कोणाला? बायको मला फाटकापर्यंत सोडायला आली होती.

साहेबांना आधी बाजूला घेऊन सांगितलं तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा अहवाल वरच्या ऑफिसला इतका आवडला होता की काल संध्याकाळीच हुकूम निघाला होता. आता सगळ्याच डेपोंत कवायत. माझ्या खिशातला इंच एव्हाना अशा गावांत धावत होता जिथे मी कधी गेलोसुद्धा नव्हतो.

"हे तुम्ही मला बोललाच नाहीत," साहेब कुजबुजले. "घरी जा. हवं तर बन पुन्हा चालू करतो."

सांगतो, माझा पाय अडखळला. साठ बन म्हणजे साठ बन. पण साहेबांच्या मागे मास्तर उभे होते, गळ्यात टेप न घालता.

"साहेब, तुमचा अहवाल तुमच्यापाशी ठेवा," मास्तर म्हणाले. "माझं माप मला परत पाहिजे."

मग मी रांगेसमोर उभा राहिलो आणि मास्तर ओरडतात तसा ओरडलो, शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू जाईल असा. मास्तरांचे डोळे शाबूत आहेत. हात शाबूत आहे. टेप मी कापली. तुमच्यापैकी कोणीही एका इंचाने वाढला नव्हता आणि कोणी कमीही झालेला नाही.

चिमट्याच्या हातातला चिमटा वाजायचा थांबला.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "आम्ही महिनाभर जे धावलो, ते..."

"यासाठी," मी इंच वर धरून दाखवला.

त्या दिवशीची कवायत सगळ्यात जोरदार झाली. साहेबांना शिट्टी फुंकायची गरज पडली नाही. मी पुढे आणि अठ्ठावीस माणसं मागे, डेपोला सात फेऱ्या. तात्यासुद्धा शेवटपर्यंत टिकले. सातव्या फेरीला त्यांनी माझी कॉलर धरली आणि धापा टाकत म्हणाले, "एक्केचाळीस, तुझा ब्रेक फेल झाला होता का रे?"

पुढचे पंधरा दिवस दुपारी दोन ते तीन मी मास्तरांच्या बाकावर बसून शिवणी उसवल्या. मास्तर आता त्या वेळेत झोपत नाहीत. निदान मी आसपास असताना तरी नाही. बेकरीच्या पदार्थांना मनाई करणारी पाटी तशीच आहे, कारण कवायतीचा हुकूम आता वरून सहीशिक्क्याने आलाय आणि पाटी त्याच कागदात धरली गेलीय. पण चिमट्याच्या तिकिटांच्या पिशवीत तिकिटं सोडून आणखी साठ बन मावतात असं आढळून आलंय.

दुरुस्तीआधी सगळ्यांची मापं पुन्हा घेतली, धड टेपने. मास्तर पुन्हा गरजले. चिमटा चौतीस, तात्या अडतीस, जिथल्या तिथे. महिनाभर धावून एक सूतही कमी नाही. मी चोवीस तास तोंड बंद ठेवायचं असं बायकोला कबूल केलेलं, म्हणून गप्प उभा होतो. चिमट्यानेच काडी टाकली.

"मास्तर, आता तुमचं होऊन जाऊ दे."

"त्यात काय बघायचं! लग्नात बत्तीस, आजही बत्तीस." मास्तरांनी टेप कंबरेला गुंडाळली, टोक पकडलं आणि खाली बघितलं. पोट आत घेतलं. पुन्हा बघितलं. मग टेप सोडून आत गेले आणि वहिनींच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आकडा हळू सांगितला.

वहिनी उठल्या. वही घेऊन दुकानाच्या पायरीवर आल्या. डेपोकडे तोंड केलं आणि छातीत श्वास भरून घेतला.

"कंबर चौतीस!"

म्हणजे बघा. अख्ख्या टेपनेसुद्धा माणूस सापडला असता. कापायची काही गरजच नव्हती.

चिमटा लगबगीने रांगेतून बाहेर आला आणि त्याने मास्तरांना हात दिला. "या मास्तर, या! चौतीस तर माझीच गाडी. खिडकीजवळची जागा ठेवलीय."